चेंडूवरचा वर्ग आणि आपलं मकतब

अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या काही शाळांमध्ये मुलं खुर्चीऐवजी मोठ्या फुगवलेल्या चेंडूवर बसतात. जिममध्ये किंवा फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दिसतो तोच हा चेंडू. समोर टेबल, खाली चेंडू, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, आणि मूल लिहिता लिहिता थोडं वरखाली होतंय, थोडं डावीउजवीकडे झुकतंय. असे व्हिडिओ आपल्याही व्हॉट्सॲप गटांवर फिरतात आणि त्यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. काहींना हे श्रीमंतांचे चोचले वाटतात. काहींना वाटतं, आपल्याही शाळेनं असं काहीतरी आधुनिक करावं.

मला त्या चेंडूपेक्षा तो आणणाऱ्या शिक्षकाचा विचार महत्त्वाचा वाटतो. चुळबुळ करणारं मूल मुद्दाम त्रास देत नाही, हे त्यानं आधी मान्य केलेलं असतं. त्या मुलाच्या शरीराला हालचाल हवी असते आणि ती मिळाली तर ते अभ्यासही करू शकतं, असं मानूनच तो चेंडू वर्गात आणतो. आपल्या शाळांमध्ये ही गोष्ट अजून नीट रुजलेली नाही. मकतबांमध्ये तर तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही. म्हणून हा विषय.

आधी चेंडूबद्दल थोडं. तो शाळेसाठी बनलेला नाही. १९६३ साली अक्विलिनो कोसानी या इटालियन प्लॅस्टिक उत्पादकानं तो तयार केला. मेरी क्विंटन या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टनं स्वित्झर्लंडमध्ये तान्ह्या बाळांच्या उपचारात त्याचा वापर सुरू केला. पुढे बाझल शहरातल्या सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी हाडा-स्नायूंच्या उपचारांत तो आणला. अमेरिकी फिजिओथेरपिस्टांनी तो स्वित्झर्लंडमध्ये पाहिला, म्हणून त्यांनी त्याला ‘स्विस बॉल’ म्हटलं. तिथून तो जिममध्ये गेला आणि मग वर्गात. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये ‘हलती शाळा’ नावाचा एक विचारच आहे. हालचाल फक्त पीटीच्या तासापुरती नको, गणिताच्या आणि भाषेच्या तासालाही तिला जागा हवी, असं तो सांगतो. चेंडू हे त्यातलं एक साधन.

त्यामागचं कारण साधं आहे. चेंडूला पाठ नसते आणि तो स्थिर नसतो. त्यावर बसलं की तोल सांभाळायला पाठीचे, पोटाचे, मांड्यांचे स्नायू सतत थोडं थोडं काम करत राहतात. एरवी ज्या मुलाला दर पाच मिनिटांनी उठून पाणी प्यायला जावंसं वाटतं, त्याची हालचालीची गरज जागेवर बसूनच काही प्रमाणात भागते.

याचा उपयोग होतो का? अभ्यास झाले आहेत, पण ते लहान आहेत. २००३ साली अमेरिकेत चौथीच्या वर्गातल्या एडीएचडी असलेल्या ३ मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडी म्हणजे अवधान टिकत नाही आणि शरीर शांत राहत नाही अशी अवस्था. चेंडूवर बसल्यावर ही मुलं जागेवर जास्त वेळ टिकली आणि त्यांचं वाचता येण्याजोगं लिखाण वाढलं. पुढच्याच वर्षी स्वमग्नता असलेल्या बालवाडीतल्या ४ मुलांवरच्या अभ्यासातही चांगले परिणाम दिसले. २०१० साली मात्र स्वमग्नता असलेल्या ६ मुलांवर अभ्यास झाला तेव्हा चित्र एकसारखं नव्हतं. काहींना फायदा झाला, काहींना नाही, आणि ज्याला मुळातच शरीराचा तोल सांभाळणं अवघड जात होतं त्याचं लक्ष चेंडूमुळे कमीच झालं. म्हणजे हा जादूचा चेंडू नाही. काही मुलांना तो उपयोगी आहे, काहींना नाही, आणि सरसकट सगळ्या वर्गाला चेंडू वाटण्याइतका पुरावा या अभ्यासांत नाही.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक अमेरिकी अभ्यास मला जास्त विचार करायला लावतो. ८ ते १२ वर्षांच्या मुलांना डोक्यात आकडे आणि अक्षरं धरून ठेवून त्यांची जुळणी करायला सांगितली होती. एडीएचडी असलेली मुलं हे करताना जितकी जास्त हलली तितकी त्यांची उत्तरं चांगली आली. बाकीच्या मुलांच्या बाबतीत उलट झालं. ती जास्त हलली तेव्हा त्यांची उत्तरं बिघडली. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांना दोन वेगळ्या गोष्टी लागतात, आणि आपण मात्र दोघांनाही एकच हुकूम देतो, ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. एकाला त्यानं मदत होते. दुसऱ्याची सगळी शक्ती स्वतःचं शरीर धरून ठेवण्यात खर्च होते आणि धडा त्याच्या डोक्यावरून निघून जातो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलांनी सतरंजीवर किंवा बस्करावर बसूनच अक्षरं गिरवली. मकतबात आजही मुलं चटईवर बसतात, समोर रेहल आणि त्यावर कायदा किंवा सिपारा. जमिनीवर बसणं आपण मागासलेपणाचं लक्षण मानलं आणि बेंच आले की शाळा सुधारली असं समजलो. पण जमिनीवर बसलेलं मूल पाहा. ते मांडी घालतं, थोड्या वेळानं एक गुडघा उभा करतं, मग दोजानू बसतं, मग पाय एका बाजूला घेतं. दहा मिनिटांत चार वेळा बैठक बदलते आणि कोणाला त्याचा त्रास होत नाही. चेंडू जे काम करतो त्यातलं बरंचसं चटई फुकटात करते. जोडलेल्या डेस्क-बेंचवर तिघं दाटीवाटीनं बसली की ही सोय संपते. बेंच नकोत असं मी म्हणत नाही. थंडीत, ओल्या फरशीवर, ज्या मुलांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी ते हवेतच. पण बेंच आले म्हणजे मुलाचं शरीर बदललं, असं होत नाही.

पाठांतराच्या वेळी मकतबातली मुलं डुलतात. पुढे-मागे, एका लयीत. काही उलमांना हे डुलणं पसंत नाही, त्या वादात मला पडायचं नाही. मी फक्त निरीक्षण नोंदवतोय. यहुदी लोक तौरात वाचताना डुलतात. वेदपाठशाळेतला विद्यार्थी स्वरांबरोबर हात आणि मान हलवतो. आपला वारकरी शेजारी अभंग म्हणताना टाळ घेऊन पावली खेळतो. पाठांतर आणि शरीराची लय यांची सांगड माणसानं वेगवेगळ्या धर्मांत, वेगवेगळ्या मुलखांत घातलेली आहे. चेंडूवर वरखाली होत पाढे म्हणणारं अमेरिकी मूल त्यांच्याहून फार वेगळं काही करत नाही.

आणि नमाज? ज्या इबादतीत सगळ्यात जास्त एकाग्रता अपेक्षित आहे, तिची रचनाच कयाम, रुकू, सजदा आणि कायदा अशी आहे. उभं राहणं, वाकणं, जमिनीवर माथा टेकणं, बसणं, पुन्हा उठणं. लक्ष लागण्यासाठी पुतळ्यासारखं बसावं लागतं, ही कल्पना आपल्या दीनमधून आलेली दिसत नाही.

तरीही आपल्या मकतबांत काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. सगळीकडे नाही. प्रेमानं शिकवणारे, मुलांची नावं आणि घरची परिस्थिती पाठ असलेले उस्ताद मी पाहिलेत. पण छडी समोर ठेवून बसणारेही आहेत, आणि छडी कोणावर जास्त चालते? सबक न आलेल्या मुलावर चालते, त्याहून जास्त ‘एका जागी बूड न टेकणाऱ्या’ मुलावर चालते. ते मूल घरी येऊन सांगत नाही, कारण घरीही तेच ऐकावं लागणार असतं. ‘उस्तादांनी मारलं तर तुझ्या भल्यासाठीच मारलं असेल.’ मग पोटदुखी सुरू होते, सकाळी उठायला नको वाटतं, आणि एक दिवस मकतब सुटतं. पुढे अनेकांची शाळाही सुटते. दहावीपर्यंत न पोचलेल्या पोरांना गॅरेजवर, फळांच्या गाडीवर भेटा आणि विचारा. ‘डोकं चालत नव्हतं’ असं ते सांगतात. त्यातल्या कितीतरी जणांचं डोकं इंजिन उघडताना उत्तम चालतं. चालत नव्हतं ते एका जागी बसणं.

आपण मुलांना बसवतो तरी किती, याचा हिशेब करा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. आपल्या वस्तीतल्या तिसरीच्या मुलाचा दिवस घ्या. सकाळी दीड तास मकतब, मग पाच तास शाळा, संध्याकाळी दीड तास ट्यूशन. झाले ८ तास. कारखान्यातल्या कामगाराची पाळी ८ तासांची असते आणि त्यात तो उभा राहतो, चालतो, चहाला बाहेर जातो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी असं सांगते. या मुलाच्या दिवसात ती ६० मिनिटं कुठे बसवायची? मैदान पार्किंगला गेलं आणि गल्लीत रिक्षा उभ्या आहेत. मग ते मूल वर्गातच हलणार. दुसरीकडे कुठे हलेल?

इथे कोणी म्हणेल, अदब कुठे राहिली? उस्तादांसमोर नीट बसायचं नाही का? बसायचं, जरूर बसायचं. पण अदब म्हणजे काय हे ठरवताना आपण ज्यांचं नाव घेतो त्यांचं वागणं पाहूया. हजरत मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम जमातीची नमाज पढवत असताना नातू पाठीवर चढला, तर त्यांनी सजदा लांबवला. लोकांनी नंतर कारण विचारलं तेव्हा, मुलाचं मन भरण्याआधी त्याला घाईनं उतरवणं बरं वाटलं नाही, असं त्यांनी सांगितलं. ही हदीस नसाईमध्ये आहे. नात उमामाला कडेवर घेऊन त्यांनी नमाज अदा केली, सजद्याला जाताना खाली ठेवलं आणि उठताना पुन्हा घेतलं, हे बुखारीत आहे. जिथे खुद्द नमाजेत मुलाच्या हालचालीला जागा मिळाली, तिथे कायद्याच्या पहिल्या पानावर बोट ठेवून बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ती का मिळू नये? आणि जुम्म्याला मुलं मागच्या सफेत हसली म्हणून त्यांना खेकसून बाहेर काढणाऱ्या बुजुर्गांनीही या हदीसा आठवाव्यात.

इमाम गझाली (निधन ११११) यांनी ‘इह्या’मध्ये मुलांच्या तरबियतीवर लिहिताना स्पष्ट सांगितलं आहे की मकतब सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, म्हणजे शिकण्याचा शीण जाईल. खेळ बंद करून सतत शिकण्याला जुंपलं तर त्याचं मन मरतं आणि बुद्धी मंद होते, असा इशाराही ते देतात. इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी ‘मुकद्दिमा’त एक प्रकरणच या विषयावर लिहिलं की विद्यार्थ्यांवर, विशेषतः लहान मुलांवर सक्ती केली तर नुकसान होतं. मार खाऊन वाढलेलं मूल खोटं बोलायला शिकतं, त्याचा उत्साह जातो, हे त्यांचं निरीक्षण. आपल्या मुलांच्या बाजूनं बोलणारी ही माणसं आपल्याच परंपरेतली आहेत. आपण त्यांची नावं जलशात घेतो आणि मकतबात विसरतो.

मराठी मुलखालाही हे नवीन नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालघर काढलं तेव्हा मुलांना बाकाला खिळवून ठेवणाऱ्या शाळेवर त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यांचा विचार आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी रुजवला. ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. शाळाच मुलांच्या मागे कुरणावर गेली. त्यांच्याकडे महागडी साधनं नव्हती. स्थानिक वस्तूंतून त्यांनी साधनं बनवली.

मुलींबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे. मुलगा चुळबुळ करतो तेव्हा निदान तो दिसतो तरी. मुलीला पाचव्या-सहाव्या वर्षापासूनच ‘नीट बस’, ‘पाय हलवू नकोस’ शिकवलेलं असतं, त्यामुळे तिची बेचैनी आत राहते. ती खिडकीबाहेर पाहत गप्प बसते आणि शिक्षकांना वाटतं, शहाणी आहे. निकाल लागल्यावर म्हणतात, ‘लक्षच नव्हतं हिचं.’ वयात आली की मैदान पूर्ण बंद. घरातून शाळा, शाळेतून घर. हजरत आयेशा रजि. यांनी पैगंबरांसोबत धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण कौतुकानं सांगतो. मग मुलींच्या शाळेला भिंतीआडचं एक छोटं अंगण असावं, तिथे त्यांनी मोकळेपणानं धावावं, हा आग्रह आपल्या संस्थांकडे कोण धरणार?

सगळी चुळबुळ सारखी नसते, हेही लक्षात घ्यायला हवं. बहुतेक मुलं वयामुळे आणि कंटाळ्यामुळे हलतात. पण काही मुलांच्या बाबतीत ते घरी, शाळेत, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे आणि महिनोन्‌महिने चालतं. त्यांच्या अभ्यासावर, मैत्रीवर परिणाम होतो. अशा वेळी आपल्याकडे आधी नजर उतरवतात, मग कोणीतरी सावली सांगतो, मग तावीज येतो. दुआ करा, त्याला कोणाची हरकत नाही. पण उपचार करून घ्या असंही आपल्याला पैगंबरांनीच सांगितलं आहे. बालरोगतज्ज्ञाला दाखवा. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट भेटतात. चेंडूचा खरा उपयोग त्यांनाच ठाऊक असतो. आपल्या मुलाला तो लागेल की नाही हे व्हिडिओ पाहून ठरवू नये.

मग करायचं काय? चेंडूपासून सुरुवात करू. ६० मुलांच्या वर्गात ६० चेंडू ही कल्पनाच चुकीची आहे. ते गडगडतील, फुटतील, त्यांवरून भांडणं होतील. ज्या शाळेला जमेल तिनं कोपऱ्यात एक-दोन ठेवावेत आणि गरज असलेल्या मुलांना पाळीपाळीनं पंधरा-वीस मिनिटं द्यावेत. चेंडूवर बसल्यावर पाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. लहान मुलांना साधारण ४५ सेंटीमीटरचा लागतो, मोठ्यांना ५५चा. जवळ खिळे, टोकदार कोपरे नकोत आणि शिक्षकाचं लक्ष हवं. ज्याला तोल सांभाळता येत नाही त्याला आग्रह करू नये. आणि चेंडू हे बक्षीसही नको, शिक्षाही नको. चष्मा लागणाऱ्याला चष्मा देतो, तसं द्यावं.

चेंडूशिवाय जे करता येतं ते त्याहून जास्त आहे. वर्गाच्या मागे एक उंच जुनं टेबल ठेवा. ज्याला उभं राहून लिहायचं त्यानं तिथे लिहावं. शिक्षकांनी दर वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं करावं. फळा पुसणं, वह्या वाटणं, पाणी आणणं ही कामं सर्वात चुळबुळ्या मुलाला द्यावीत. आज आपण ती सर्वात शांत मुलाला बक्षीस म्हणून देतो. पीटीचा तास गणिताला देऊ नये, आणि गृहपाठ राहिला म्हणून खेळाची सुट्टी कापू नये. ज्याला खेळण्याची सर्वात जास्त गरज असते, नेमका त्याचाच खेळ कापला जातो.

मकतबात एक पैसाही लागत नाही. सबक उभं राहून सुनवू द्या. याद करताना सहनात फेऱ्या मारू द्या. दीड तासाच्या मध्ये एकदा वजूच्या निमित्तानं उठवा. चटई थोडी सैल अंथरा, म्हणजे मुलाला पाय बदलायला जागा राहील. एका उस्तादांकडे ५० मुलं असतील तर दोन गट करा आणि दोन वेळा बोलवा, मुलांचा वेळही वाचेल. आणि छडी कपाटात ठेवू नका, घरी पाठवून द्या.

छडीवर कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी आहे. २०१२च्या दुरुस्तीनं मदरसे, वेदपाठशाळा आणि प्रामुख्यानं धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू नाही असं ठरलं. आपण त्या वेळी ही सूट मागितली आणि मिळाल्याचा आनंद मानला. पण सूट अभ्यासक्रमाची हवी होती, मारण्याची नव्हे. मुलाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे त्यानं मुलाशी क्रूरपणे वागणं २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार आजही गुन्हा आहे. बाहेरून कोणी येऊन आपल्याला हे सुनावण्याआधी आपणच आपल्या घरात ते मोडून काढलं तर इज्जत आपलीच राहील. मकतबांवर बाहेरून होणारे बरेचसे आरोप खोटे आणि द्वेषाचे असतात. म्हणूनच जे खरं आहे ते दुरुस्त करण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

‘आम्ही नाही का शिकलो तसेच बसून?’ असं विचारणारे खूप भेटतात. शिकलो. पण हा प्रश्न विचारायला जे उरले ते शिकलेले आहेत. जे मधेच उठून गेले ते इथे हा प्रश्न विचारायला नाहीत. शिवाय त्या काळी मकतब सुटल्यावर नदी होती, चिंचेची झाडं होती, विटीदांडू होता. आज मुलाच्या हातात मोबाईल आहे, तोही बसूनच.

‘इतकी मुलं, एक शिक्षक, त्यात ही थेरं कशी करणार?’ ही अडचण खरी आहे. आरटीईनं प्राथमिक वर्गात साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. मागणी त्याची करावी आणि ती संस्थाचालकांकडे, सरकारकडे करावी. शिक्षक कमी आहेत याचा राग सात वर्षांच्या पोरावर निघू नये.

प्रत्येक जमातीचे ट्रस्टी मशिदीच्या रंगरंगोटीचा, एसीचा, लाउडस्पीकरचा हिशेब ठेवतात. त्यांनी एक हिशेब आणखी ठेवावा. गेल्या वर्षी आपल्या मकतबात किती मुलं आली, त्यातली किती सोडून गेली, आणि का गेली. सोडून गेलेल्या मुलांच्या घरी दोन माणसांनी जावं, अम्मी-अब्बांसमोर नाही तर मुलाला बाजूला घेऊन विचारावं, ‘बेटा, काय झालं?’ जी उत्तरं मिळतील ती पुढच्या बैठकीत उस्तादांसमोर, त्यांचा मान राखून, मांडावीत. चेंडू घ्यायचा की नाही, हे त्यानंतर ठरवलं तरी चालेल.